सोलापूरच्या पोटातला डोंगर

आजचा विषय डोंगर. आणि तो सांगणारी मी सोलापूरची, म्हणजे जरा गंमतच आहे. आपल्याकडे डोंगर बघायचा म्हटलं तर गाडी काढून तुळजापूरच्या घाटापर्यंत जावं लागतं. बाकी मग सपाट रान, ज्वारी, ऊस आणि ऊन.

आणि खरं सांगू का, तुळजापूरचा घाट हासुद्धा भूशास्त्राच्या हिशोबाने डोंगर नाही. बालाघाटच काय, सह्याद्रीसुद्धा नाही. ट्रेकर मंडळींनी लगेच रागावू नका. हिमालय कसा झाला? जमिनीचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले, मधला भाग चेपला, वळ्या पडल्या, वर उचलला गेला. सह्याद्रीत असं काही झालं नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचले, पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कापले. उरलेल्या कडांना आपण डोंगर म्हणतो. थर अजून आडवेच आहेत, पायऱ्यांसारखे. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय.

मग खरा डोंगर, आदळून, चेपून, वळ्या पडून झालेला, आपल्याकडे आहे कुठे? आहे. आपल्या पायाखाली. लाव्हाच्या खाली पुरलेला, आणि अडीच अब्ज वर्षं जुना.

अडीच अब्ज म्हणजे अडीचशे कोटी. आकडा मोठा आहे म्हणून कानावरून जाऊ देऊ नका. डायनोसॉर गेले त्याला साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. तेवढ्या काळाची एक पायरी धरली, तर अशा अडतीसेक पायऱ्या खाली उतरल्यावर आपला हा डोंगर भेटतो.

आता तुम्ही म्हणाल, पुरलाय तर दिसला कसा? त्याचं उत्तर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. किल्लारी.

१९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीच्या परिसरात जमिनीत ६१७ मीटर खोल एक छिद्र घेतलं. बोअरवेलच समजा, फक्त यात पाणी नको होतं, दगड हवा होता. ड्रिलमधून दगडाच्या उभ्या कांड्या बाहेर काढायच्या आणि वरपासून खालपर्यंत क्रमाने लावून वाचायच्या. पहिले ३३८ मीटर बसाल्ट, म्हणजे आपला रोजचा काळा पाषाण. त्याखाली आठेक मीटर गाळाचे थर. आणि त्याच्याही खाली एकदम वेगळंच काहीतरी: कठीण, स्फटिकांचा, भाजून निघालेला दगड. त्यातल्या खनिजांवरून कळतं की हा दगड कधीकाळी सहाशे-सातशे अंश सेल्सिअसला तापला होता आणि तेव्हा तो जमिनीखाली साधारण पंधरा-वीस किलोमीटरवर होता.

इथे जरा थांबा. पंधरा किलोमीटर खोल असलेला दगड ३४६ मीटरवर कसा काय आला? त्याच्या डोक्यावरचे पंधरा किलोमीटर गेले कुठे?

तोच तो डोंगर. तो झिजून गेला. खाली उरलं ते त्याचं मूळ.

आणि ते आठ मीटर गाळ बघा. डोंगर झिजून संपला त्यानंतर लाव्हा येईपर्यंत अब्जावधी वर्षं गेली. एवढ्या काळाची किल्लारीच्या त्या कांड्यांमध्ये नोंद किती, तर आठ मीटर. बाकी सगळं कधी साचलंच नाही किंवा साचून धुऊन गेलं. इतिहासाचं पुस्तक उघडावं आणि मधली हजार पानं फाडलेली निघावीत, तसं.

छिद्रात डोकावणं प्रत्येकाला जमणार नाही. पण हीच गोष्ट आडवी बघता येते, तीही जनरलच्या डब्यातून. सोलापूरहून रायचूरकडे जाणारी कुठलीही गाडी पकडा, अंतर अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड. इथपर्यंत बाहेर काळी माती आणि काळा दगड, आपलंच रान पुढे सरकत असतं. कलबुर्गी गेलं की लाव्हाची चादर विरळ होते, आणि शहाबाद-वाडीच्या आसपास ती संपते. तिच्याखालून बाहेर येतो चुनखडीचा दगड, राखाडी, पापुद्र्यापापुद्र्याचा. शहाबादी फरशी! आपल्या घरात ओट्यावर, जिन्यात, न्हाणीत लागलेली ती फरशी म्हणजे एका जुन्या उथळ समुद्राचा तळ आहे. भीमेच्या खोऱ्यातला हा समुद्र लाव्हाच्या कितीतरी आधीचा. वाडीत सिमेंटचे कारखाने आहेत ते याच दगडापायी.

पुढे यादगीर. आणि इथे खिडकीबाहेर एकदम गोल गोल, गुलाबी-करड्या दगडांच्या टेकड्या सुरू होतात, कुणीतरी एकावर एक धोंडे रचून ठेवल्यासारख्या. हा ग्रॅनाइट आणि त्याचा भाऊबंद नाइस. किल्लारीला ३४६ मीटर खाली जो जुना पाया लागला, त्याच जातीचा पाया इथे उघड्यावर पडलाय. कृष्णा ओलांडून रायचूरला उतरलात की तुम्ही त्या पुरलेल्या डोंगराच्या मुळावर उभे असता. तिकीट मात्र साध्या प्रवासाचं.

या जुन्या पायाला भूशास्त्रात धारवाडचा भूखंड म्हणतात. तिथल्या दगडांना ‘धारवाड’ हे नाव दिलं रॉबर्ट ब्रूस फूट याने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा माणूस, १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगातली हातकुऱ्हाड ओळखणारा तोच. त्याने आपल्या दक्षिणेचा सगळा मुलुख पालथा घातला, आणि १८७६ मध्ये त्याचा जो ग्रंथ आला त्याचा विषयच होता ‘दक्षिण मराठा प्रदेशा’ची भूरचना. तेव्हा रेडिओअॅक्टिव्हिटीचा शोधच लागला नव्हता, त्यामुळे दगडाचं वय वर्षांत सांगायची सोय नव्हती. तरी फक्त कुठला थर कुणाच्या खाली आहे आणि कुणाला वळ्या पडल्यात एवढ्यावरून त्याने ओळखलं की धारवाडचे दगड फार फार जुने आहेत.

बरं, हा डोंगर झाला कसा?

घरात सोलापुरी चादर असेलच. नसेल तर सोलापूरकर म्हणवून घेऊ नका. ती फरशीवर पसरा आणि एका बाजूने हाताने ढकला. वळ्या पडतात, आणि त्या ढकलण्याच्या दिशेला आडव्या पडतात. धारवाडच्या प्रदेशात अशाच लांबच लांब पट्ट्या आहेत, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या: हट्टी, मस्की, कोलार, चित्रदुर्ग. या पट्ट्यांमध्ये आहेत जुन्या समुद्रतळावरचे लाव्हा आणि गाळ, दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटमध्ये चेपून उभे झालेले. पश्चिमेचा भाग आधीचा, त्यातले काही दगड तीन अब्ज वर्षांच्याही पलीकडचे. पूर्वेचा भाग त्यामानाने तरुण, २.७ ते २.५ अब्ज वर्षांचा. हे दोन्ही भाग अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास एकमेकांशी सांधले गेले, आणि त्या काळात त्या सगळ्या पट्ट्यात प्रचंड प्रमाणात ग्रॅनाइट वर आला.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध ग्रॅनाइट तुम्ही बघितलाय. पैज लावते. बंगळुरूजवळचं रामनगर, ज्याचं जुनं नाव क्लोजपेट. ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ नावाचा सुमारे चारशे किलोमीटर लांबीचा पट्टा याच गावावरून ओळखला जातो. आणि १९७५ चा ‘शोले’ याच रामनगरच्या खडकांत शूट झाला. गब्बर ज्या दगडांवर फेऱ्या मारत होता तो वितळलेला रस होता, डोंगराच्या पोटात मुरलेला आणि अडीच अब्ज वर्षांपूर्वी गोठलेला.

आता यात एक वाद आहे आणि तो मला फार आवडतो. काही शास्त्रज्ञ म्हणतात, हे सगळं हिमालयासारखंच झालं: एक तुकडा दुसऱ्याखाली सरकला, टक्कर झाली, डोंगर उभा राहिला. दुसरे म्हणतात, अहो, तेव्हाची पृथ्वी आजच्यासारखी नव्हती. खडकांमधलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तेव्हा कमी झिजलेलं, त्यामुळे पोटातली उष्णता आजच्या दुपटीच्या आसपास. एवढ्या तापलेल्या, मऊ जमिनीवर हिमालयाएवढं उंच शिखर टिकेल कसं? घट्ट कणकेचा डोंगर उभा राहतो, सैल कणकेचा बसतो, पसरतो. तसं ते डोंगर उंच कमी आणि रुंद जास्त झाले असणार. मला हा दुसरा पक्ष जास्त पटतो, कारण रायचूरपासून बंगळुरूच्याही पुढेपर्यंत एकाच काळात एवढा ग्रॅनाइट यायचा तर जमीन सगळीकडूनच तापलेली हवी. पण वाद मिटलेला नाही हेही खरं.

आणि हे तापमान कळतं कसं, हा या विषयातला सगळ्यात भारी भाग आहे.

एक गळका माठ डोळ्यासमोर आणा. त्यात थेंब थेंब पाणी पडतंय, पण माठ गरम असला की भोक मोठं होतं आणि सगळं पाणी गळून जातं. माठ गार झाला की भोक बुजतं आणि पाणी साठायला लागतं. नंतर येऊन पाणी मोजलं की माठ कधी गार झाला ते सांगता येतं. दगडातली खनिजं असे माठ आहेत. झिरकॉन नावाच्या वाळूच्या कणाएवढ्या खनिजात युरेनियमचं शिसं होत असतं. तो नऊशे अंशांच्या आसपासही शिसं सोडत नाही, म्हणून त्यात डोंगराच्या जन्माची वेळ सापडते. हॉर्नब्लेंडमध्ये पोटॅशियमपासून झालेला आरगॉन वायू पाचशे अंशांच्या खाली अडकायला लागतो. काळ्या अभ्रकात तीनशेच्या खाली. अॅपेटाइटमध्ये युरेनियमचे अणू फुटून पडलेले बारीक चरे तर साधारण एकशे दहा अंशांच्या खालीच टिकतात. एकाच दगडात चार माठ, चार वेगवेगळ्या तापमानांचे. चारही मोजले की तो दगड कधी किती गरम होता याचा आलेख निघतो. आणि जमिनीत खाली गेलं की दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश वाढतात, म्हणजे दगड गार होत गेला याचा अर्थ बहुतेक वेळा तो वर येत गेला.

वर कसा येतो? भरलेली होडी पाण्यात खोल बसते. एकेक पोतं उतरवत गेलात तर होडी वर वर येते. डोंगराचंही तेच. माथ्यावरून नद्यांनी एकेक पोतं उचलून नेलं, तसं खालचं मूळ हळूहळू वर आलं. पंधरा किलोमीटर कुठे गेले याचं उत्तर हे. ते कुठल्यातरी समुद्रात वाळू होऊन पडले.

गार व्हायला लागल्याची आणखी एक खूण उघड्या डोळ्यांनी दिसते. हैदराबाद ते बंगळुरूच्या ग्रॅनाइटमध्ये मधूनच सरळ रेषेत काळ्या दगडाच्या भिंती गेलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच २.३७ अब्ज वर्षांपूर्वीच्या. ग्रॅनाइटला सरळ तडे गेले आणि त्यात काळा रस भरला. मऊ दगड वळतो, ताठ दगडच तडकतो. म्हणजे अडीच अब्ज वर्षांपूर्वी कणकेसारखी वळणारी ही जमीन पुढच्या दीडशे कोटी नव्हे, जेमतेम तेरा-चौदा कोटी वर्षांत कडक भाकरी झाली होती.

या सगळ्या भाजण्या-चेपण्यात एक गोष्ट हाताला लागली ती सोनं. तापलेल्या दगडांतून पिळून निघालेलं खनिजांचं गरम पाणी भेगांमधून वर आलं, आणि गार होताना गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं सोडून गेलं. कोलारची खाण याच डोंगराच्या शिरांमागे तीन किलोमीटरच्याही खाली गेली. तिथे दगडाचं तापमान साठ अंशांच्या वर होतं, गार हवा सोडल्याशिवाय माणूस काम करू शकत नव्हता. २००१ मध्ये ती बंद झाली. हट्टीची खाण मात्र अजून चालू आहे, रायचूर जिल्ह्यात, सोलापूरहून एका दिवसात जाऊन यावं एवढ्या अंतरावर.

हट्टीच्या पट्ट्याचंच दुसरं टोक म्हणजे मस्की, आणि तिथली गोष्ट इतिहासवाल्यांनी ऐकलीच पाहिजे. १९१५ साली बीडन नावाचा एक इंग्रज इंजिनिअर निजामाच्या राज्यात सोनं शोधत मस्कीला फिरत होता. त्याला सापडला एक शिलालेख. ब्राह्मी लिपी प्रिन्सेपने १८३७ मध्येच वाचली होती, पण देशभरच्या त्या लेखांमध्ये राजा स्वतःला देवानंपिय म्हणवतो, नाव सांगत नाही. हा राजा अशोकच, असं इतर पुराव्यांवरून मानत होते. मस्कीच्या दगडावर ते नाव स्पष्ट कोरलेलं निघालं. अडीच अब्ज वर्षांपूर्वी तिथे सोनं साचलं नसतं तर बीडन त्या डोंगरात कशाला कडमडला असता?

मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला. हजारभर अंशांहून तापलेला, भेगांतून पाण्यासारखा पसरणारा. त्यातला बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर येऊन गेला, आणि आज झिजून उरलाय तोही पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. पश्चिमेला जाड, आपल्याकडे येता येता पातळ. कोयनेजवळ गोठण्याला जे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं त्यात बसाल्ट लागला १,२४७ मीटर; किल्लारीला ३३८; शहाबादला शून्याकडे. सोलापूर या उताराच्या मधे कुठेतरी बसतं. म्हणून आपल्याकडे बोअर कितीही फूट मारा, काळाच चुरा निघतो. जुन्या डोंगरापर्यंत कुणाचं बोअर पोचत नाही, आणि पोचलं तरी पाण्याचं बिल तेवढं भरणार कोण?

लाव्हाने डोंगर झाकला. पण त्याचे जुने सांधे काही जोडले नाहीत.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. भूकंप ६.२ रिश्टरच्या घरातला, म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा नव्हे. पण तो झाला अगदी उथळ, जमिनीखाली काही किलोमीटरवर, याच जुन्या पायात. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची मिळून ५२ गावं पुन्हा वसवावी लागली. आमच्या आजीला सोलापुरात मांडणीवरची भांडी वाजली म्हणून जाग आली होती. ती अजूनही सांगते की आवाज आधी आला, हलणं नंतर.

हे असं का व्हावं? भारताचा तुकडा अजूनही वर्षाला काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला रेटतो. तो रेटा फक्त हिमालयातच राहत नाही, मागे आपल्यापर्यंत येतो. धारवाडचा पाया जुना, गार, कडक, म्हणून तो रेटा सहन करतो, पण जिथे जुना तडा असेल तिथे हजारो वर्षांत कधीतरी घसरतो. वरच्या बसाल्टमुळे तो तडा नकाशावर दिसत नाही. म्हणून तर त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी पहिल्या झोनमध्ये होती, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. १९९२ च्या पावसाळ्यानंतर तिथे महिनाभर हादरे बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. नकाशा म्हणत होता, काही नाही. २००२ मध्ये तो पहिला झोनच काढून टाकला आणि लातूरचा हा भाग, आपलं सोलापूरसुद्धा, तिसऱ्या झोनमध्ये आलं.

आणि माणसं मेली ती भेगेत पडून नव्हे. मेली ती घरांखाली. दोन-दोन हात जाड दगडी भिंती, मधे चुन्याऐवजी माती, वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून पिढ्यान्पिढ्या मातीचे थर चढवलेलं माळवद. पडलेल्या भिंतींचा दगड कुठला? तोच काळा, लाव्हाचा. ते माळवद आपल्या उन्हावरचं शहाणपणाचं उत्तर होतं, हे मी ठासून सांगेन, कारण त्या घरांना अडाणी म्हणणारे बरेच भेटतात. उन्हाचा हिशोब लोकांना हजार वर्षांच्या अनुभवातून माहीत होता. खालच्या डोंगराचा हिशोब त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

कोयनेचं ते ३ किलोमीटरचं छिद्र याच कामासाठी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि त्यानंतर तिथे धरणापाशी सतत बसणारे हादरे जुन्या पायातच होतात. २०१७ पर्यंत ते छिद्र खाली पोचलं. कराडला त्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. वरचा १,२४७ मीटर बसाल्ट ओलांडून पुढचा सगळा ग्रॅनाइट आणि नाइस, त्यातले तडे, तडे किती ताणले गेलेत, पाणी कुठवर मुरतं, तापमान किती, हे तिथे मोजलं जातंय.

किल्लारीच्या परिसरात जाणार असाल तर नव्या वसवलेल्या गावांच्या बाजूला जुन्या जागाही आहेत, अजून दगडांच्या ढिगांनी ओळखू येणाऱ्या. तिथे फोटो काढताना जरा विचारून काढा. तिथल्या लोकांसाठी ती पर्यटनाची जागा नाही.

पुढच्या भागात आपण सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात शिरणार आहोत, आणि त्या भिंतींचे दगड कोणी, कुठून वाहून आणले ते बघणार आहोत. तोपर्यंत नमस्कार.